सशाची गादी

ससा आमच्याकडे आला तो पाण्याच्या दिवशी. सोलापुरात पाण्याचा दिवस चार-पाच दिवसांनी येतो, आणि त्या दिवशी गल्लीतलं प्रत्येक घर गच्चीवर चढून टाकीत डोकावतं. एरवी एप्रिलच्या उन्हात गच्चीवर कोण जातंय? समोरच्या घराची मालकीण, विड्या वळणारी, अशीच टाकी बघायला गेली आणि वरूनच मला हाका मारायला लागली. तिच्या वरच्या खोलीतलं भाडेकरू जोडपं तीन दिवसांपूर्वी पुण्याला निघून गेलं होतं. टेम्पोत कपाट गेलं, कूलर गेला, टीव्ही गेला. गच्चीवर पत्र्याखाली एक पिंजरा मात्र राहिला होता.

"ससा हाय गं हितं," ती म्हणाली. "मेलाय का जित्ता हाय, तूच येऊन बघ. माझ्यानं बघवंना."

जित्ता होता, पण तेवढंच. पांढरा ससा, कान राखाडी, आणि पोटाखालचे सगळे केस मुतानं पिवळे होऊन चिकटलेले. पिंजऱ्याच्या तळाला नुसती जाळी होती. तिच्यावर बसून बसून त्याच्या मागच्या पायांचे तळवे सोलून निघाले होते. आत वाळलेली अर्धी चपाती, बिस्किटाचा फाटका पुडा आणि कोरडी ठाक वाटी. मी हात घातला तर तो मागंसुद्धा सरकला नाही. मी तोंडाची फटकळ आहे, हे गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. त्या दिवशी त्या भाडेकरूंच्या सात पिढ्यांचा मी गच्चीवर उभी राहून उद्धार केला, आणि पुढचा महिनाभर करत राहिले.

आम्ही घरी शाळेचे गणवेश शिवतो. नवरा कापतो, मी शिवते. एप्रिल-मे म्हणजे आमची सुगी. जूनमध्ये शाळा उघडतात आणि तोवर गठ्ठे दुकानात पोचायला लागतात, त्या दिवसांत आमच्या घरी भाजीसुद्धा एकदाच होते. पिंजरा घेऊन मी दारात आले तेव्हा नवरा निळ्या कापडाच्या थराला खडूनं रेघ मारत होता. त्यानं मान वर केली, पिंजरा बघितला, आणि पुन्हा रेघ मारायला लागला.

"आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास," तो म्हणाला.

मी म्हटलं, चार दिवस. जरा हिंडाफिरायला लागला की कुणाला तरी देऊन टाकू. तो म्हणाला, ठीक आहे, चार दिवस. आम्ही दोघंही खोटं बोलत होतो असं नाही. आम्हाला सशाबद्दल काही माहीतच नव्हतं.

सात रस्ता चौकाजवळ जनावरांचे एक डॉक्टर बसतात. त्यांच्याकडे सगळी कुत्री येतात. माणूस मोकळा होता. म्हणाला, सशाचं मला फार माहीत नाही, पुण्याच्या मित्राला विचारून सांगतो, पण दोन गोष्टी आत्ताच लक्षात ठेवा. एक, ह्याला भाकरी-चपाती-बिस्किट बंद, फक्त गवत, दिवसभर गवत. दुसरी, ह्याला ऊन मारतं. घरातल्या सगळ्यात गार जागेत ठेवा. त्यांनी नखं कापली, पायांना मलम दिलं, आणि बसायला खाली काहीतरी मऊ घाला म्हणाले, नाहीतर ह्या जखमा भरायच्या नाहीत.

गवत म्हणजे पहिल्यांदा पंचाईत. मी देवळाबाहेरच्या फुलवालीकडून दूर्वा घ्यायला लागले, जुड्याच्या जुड्या. चौथ्या दिवशी तिनं विचारलंच, "तुमच्याकडं रोज चतुर्थी असती का ओ?" सशासाठी म्हटल्यावर ती हसली आणि मग निवडून उरलेलं गवतही पिशवीत टाकायला लागली. पुढे चारा विकणाऱ्याकडून लसूणघासही मिळाला.

गार जागा म्हणजे मशीनची खोली. आमच्या घरात कूलर एकच, आणि तो जिथं काम तिथं. स्वयंपाकघरावर पत्रा आहे, पुढच्या खोलीत दुपारचं ऊन थेट भिंतीवर येतं. तेव्हा पिंजरा माझ्या मशीनशेजारी भिंतीला लागला. मी बाटलीत पाणी भरून गोठवायची आणि पिंजऱ्यात आडवी ठेवायची. तो तिला टेकून बसायचा. लाइट गेली की मी एका हातानं त्याला पुठ्ठ्यानं वारा घालायची आणि नवरा म्हणायचा, ससा हाय का जावई हाय?

राहिलं मऊ काहीतरी. शिवणाच्या घरात मऊ म्हटलं की एकच गोष्ट आठवते, कतरण. कापडाच्या थरातून कापून उरलेल्या चिंध्या. आमच्याकडे कतरणाचं पोतं कायम भरलेलं असतं. उशीत आम्ही तेच भरतो, मशीन त्यानंच पुसतो, गल्लीतल्या पोरांच्या बाहुल्यांच्या पोटात तेच. मी अर्ध्या तासात त्याच्यासाठी गादी शिवली. निळ्या पँटच्या कापडाची खोळ, आत बारीक कातरलेलं कतरण, कडेनं दुहेरी शिलाई, मधे चार टाके म्हणजे गोळे होऊ नयेत. इतकी सुबक झाली की मीच तिच्याकडे बघत बसले. तिचा फोटो काढून बार्शीच्या नणंदेला पाठवला. वहिनी, तुम्ही माणसाला अशी गादी कधी शिवली नाही, असं तिनं उलट लिहिलं.

ससा गादीवर चढला, दोनदा गोल फिरला, आणि धाडकन एका कुशीवर पडला. मी किंचाळले. नवरा कात्री टाकून धावत आला. मेला, मेला असं मी म्हणतेय तोवर त्यानं एक पाय ताणला आणि डोळा उघडून आमच्याकडे बघितलं. पुण्याच्या मित्राला विचारून डॉक्टरांनी सांगितलं की ससा निवांत झाला की असाच पडतो. गच्चीवर हात घातल्यावर मागंही न सरकणारा तो जीव, माझ्या गादीवर पाय ताणून निजला होता. त्या दिवशी मी फार खूश होते. कामाला इतका हात चालला की नवऱ्यानं विचारलं, काय झालंय तुला.

पंधरा दिवसांत तळव्यांवर बारीक लव आली. मी पिंजऱ्याचं दार उघडं ठेवायला लागले. तो बाहेर यायचा, मशीनच्या पायडलभोवती फिरायचा, माझ्या पावलाला नाक लावायचा आणि परत गादीवर जायचा. तोवर नणंदेनं त्याच्यासाठी घर शोधलं होतं. तिच्या शेजारी एक बाई राहतात, अंगणवाडीतून निवृत्त झालेल्या, घरात एकट्याच. मागे अंगण, कडुनिंबाची दाट सावली. लहानपणी त्यांच्या घरी ससे होते. त्या लेकीकडे गेल्या होत्या, जूनच्या सुरुवातीला परत येणार होत्या. मी नणंदेला हो म्हटलं, पण नवऱ्याला म्हटलं, बघू. चार दिवसांचे वीस झाले होते आणि त्यानंही मोजणं सोडून दिलं होतं.

मग एका सकाळी घास तसाच राहिला.

आदल्या दिवशीचा घास, तसाच हिरवा, पिंजऱ्यात. ससा कोपऱ्यात पाठ वर काढून बसलेला. डोळे अर्धे मिटलेले, आणि जवळ कान नेला तर दात एकमेकांवर घासल्याचा बारीक आवाज. खाली एक लेंडी नाही. मला वाटलं, ऊन. ओल्या फडक्यानं कान पुसले. कान गारच होते. मग मी त्याला उचलून डॉक्टरांकडे धावले.

डॉक्टरांनी पोट चाचपलं. म्हणाले, पोट थांबलंय. गाय चार दिवस आजारी राहू शकते, सशाकडे तेवढा वेळ नसतो. पोट चालू झालं नाही तर उद्या-परवा जाईल. त्यांनी सुई दिली, थेंब दिले, आणि बिनसुईची सिरिंज हातात ठेवली. दर दोन तासांनी गवत वाटून, गाळून, गालाच्या बाजूनं थोडं थोडं द्यायचं. पुढून दिलं तर गुदमरेल. पोट हलक्या हातानं चोळायचं. आणि लेंडी पडते का बघायचं. लेंडी पडली तर जगला.

दोन दिवस आमच्या घरात एकही गणवेश शिवला गेला नाही. ज्या मिक्सरमध्ये मी शेंगाची चटणी करते त्यात दूर्वा वाटत होते. नवरा मांडी घालून बसायचा, ससा पंच्यात गुंडाळून पोटाशी धरायचा, मी सिरिंज लावायची. अर्धं बाहेर यायचं. नवऱ्याच्या बनियनवर हिरवे डाग, माझ्या हातांना गवताचा वास. दुकानदाराचा फोन आला की तो वाजू द्यायचा. एकदा मी त्याला म्हटलं, तू जा, काप, मी एकटी बघते. तो म्हणाला, "एकट्या हातानं घुसमटवशील त्याला." आणि जागचा उठला नाही. बावीस वर्षांत तो माझ्यासाठी कापड टाकून बसलाय असं मला आठवत नाही. मी देवाला नवस बोलायच्या पलीकडे गेले होते. मी नुसती त्या रिकाम्या जाळीकडे बघत होते. ह्याला काय कळतंय, हा आपला ससा, असं स्वतःला सांगून बघितलं. काही उपयोग झाला नाही. गच्चीवरून उचलून आणलेला जीव माझ्या हातात जात होता, आणि तो का जातोय हे मला कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नवरा औषध आणायला गेला असताना लेंड्या पडल्या. चार. मी अक्षरशः हात जोडले. मग कागदावर उचलून घेतल्या तर चारही एकमेकींना धरून वर आल्या. बारक्या, वेड्यावाकड्या, आणि एका दोऱ्यात ओवलेल्या. दोरा गडद निळा. तो दोरा मी झोपेतही ओळखीन. हाफ पँटच्या शिलाईला मी तोच लावते.

मी गादी उलटी केली. भिंतीकडच्या कोपऱ्यात, खालच्या बाजूनं, माझी मूठ जाईल एवढं भोक होतं. दुहेरी शिलाई कुरतडलेली, कतरण बाहेर आलेलं, दोऱ्याची टोकं लोंबत होती. किती दिवस खात होता कोण जाणे. वरून गादी कोरीकरकरीत दिसत होती, आणि मी रोज वरूनच झटकत होते.

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, हे मी लोकांना सुनवायला कितीदा वापरलं असेल. त्या भाडेकरूंनी त्याला उपाशी टाकलं होतं, खरं आहे. पण त्याच्या पोटात दोरा मी घातला, आणि तोही कौतुकानं. मी ती गादी उचलली आणि कतरणाच्या पोत्यात तळाशी दाबली. नवरा आला तेव्हा म्हटलं, लेंड्या पडल्या. गादी कुठंय, त्यानं विचारलं. मी म्हटलं, घाण झाली होती, टाकली.

डॉक्टरांपासून दोरा लपवता आला नाही. कुठून आला, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, शिवणाचं घर आहे, पडला असेल कुठंतरी. ते म्हणाले, मग ह्याला त्या घरात ठेवू नका. पोटात अजून असू शकतो. पुढचे काही आठवडे रोज लेंड्या बघायच्या. बारीक झाल्या, ओवलेल्या आल्या, थांबल्या, तर त्याच दिवशी धावायचं, दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. आणि कापड, सूत, दोरा आजूबाजूला नको.

तो खायला लागला. आधी दूर्वांची दोन पाती, मग चार, मग जुडी. आणि तेव्हाच, जेव्हा त्याला द्यायची वेळ जवळ आली, तेव्हा मला तो कुणालाही द्यायचा नव्हता. मी दिवसातून चारदा खोली झाडली. मशीनखाली जुना पडदा बांधला. पिंजऱ्याखाली कागद घातले. तरी दोरा सापडायचाच. माझ्या पदराला, नवऱ्याच्या पायाला, आमटीत. स्वयंपाकघरात नेला तर तासाभरात तो तोंड उघडून धापा टाकायला लागला, कान तापले, आणि मला त्याला परत कूलरसमोर आणावं लागलं. आमच्या घरात जिथं गारवा तिथं दोरा, आणि जिथं दोरा नाही तिथं भट्टी. एके दिवशी त्याच्या ओठाच्या कोपऱ्यातून बोटभर पांढरा दोरा लोंबताना दिसला. मी तो ओढून काढला, सुदैवानं आत गेला नव्हता. मग मी मशीनवर डोकं टेकवून रडले. नवरा म्हणाला, बार्शीला फोन कर.

नेण्याच्या आदल्या दिवशी मी वहीच्या कागदावर सगळं लिहायला बसले. काय खातो, किती खातो, दूर्वा कशा धुवायच्या, नखं कधी कापायची, बाटली कशी गोठवायची. मग लिहिलं, कापडाचं काही अंथरू नका. ते वाचलं आणि वाटलं, आता त्या बार्शीच्या बाई विचारणार, का? मग दोऱ्याचं सांगावं लागणार, मग गादीचं. ज्या बाईनं गादी घालून ससा मरायला टाकला तिच्यावर विश्वास कोण ठेवेल? त्यातून आजारी सशाचं लफडं नको म्हणून त्या नाही म्हणाल्या, तर मी ह्याला कुठं नेणार होते? मी तो कागद फाडला आणि दुसरा लिहिला. त्यात ती ओळ नव्हती. लेंड्या बघायचीही ओळ नव्हती. दुसरा कागद पहिल्यापेक्षा छान अक्षरात आला.

पहाटेच्या गाडीनं बार्शीला गेले. टोपलीत ससा, शेजारी गार बाटली. कंडक्टरनं टोपलीत डोकावून विचारलं, कोंबडी हाय का? ससा म्हटल्यावर बघायला मागच्या दोन सीटवरची माणसं उठून आली. तो टोपलीच्या तळाशी चपटा होऊन बसला होता. मी सगळी वाट झाकणावर हात ठेवला होता.

बाई मला पाहताक्षणी आवडल्या, आणि त्यानंच जास्त भीती वाटली. अंगण झाडलेलं, पाणी शिंपडलेलं, निंबाखाली लाकडी पेटी, तळाला फळी. त्यांनी सशाला घाईनं उचललं नाही. जमिनीवर बसल्या आणि तो बाहेर येईपर्यंत गप्प राहिल्या. मग एकेक विचारत गेल्या. मी कागद पुढे केला. त्यांनी चष्मा लावून सगळा वाचला.

"कदी आजारी पडला हुता का, वहिनी?"

नणंदेमुळे मी तिथं सगळ्यांची वहिनी. मी म्हटलं, आला तेव्हा फार वाईट अवस्थेत होता, आधीच्या लोकांनी लई हाल केले. ह्यातला प्रत्येक शब्द खरा होता. नणंद चहा घेऊन आली होती, तिला राहवलं नाही. ती म्हणाली, आमच्या वहिनींनी त्याला गादी शिवली होती, थांबा फोटो दाखवते. आणि तिनं फोन काढून तो फोटो दाखवला. निळी गादी, मधे चार टाके.

बाईंनी फोटो बराच वेळ बघितला. "काय हात हाय तुमचा," त्या म्हणाल्या. "माझ्याकडं जुन्या लुगड्याची गोधडी हाय. तीच घालते की त्याला."

कप माझ्या हातात होता. मी चहा प्यायले.

नणंदेकडे जेवले. तिनं पुन्हा पुन्हा वाढलं. जेवताना ती म्हणत होती की वहिनी तुम्ही पुण्य केलंत, आणि मी पानातली भेंडी एकेक करून बाजूला करत होते. दुपारच्या सोलापूर गाडीत खिडकीशी बसले. गाडी सुटायला वेळ होता. समोरच्या सीटवर एक बाई मांडीवरच्या बाळाला झोपवत होती आणि ते बाळ तिच्या पदराचं टोक तोंडात घालून चोखत होतं. बघवेना. मी उठले, कंडक्टर चढत होता त्याला ढकलून खाली उतरले. नणंदेला फोन केला नाही. रिक्षा मिळाली नाही तेव्हा चालत निघाले. जूनचं ऊन डोक्यावर, पदर घ्यायचंही सुचलं नाही. तोंडानं एकच चाललं होतं, अजून अंथरली नसेल, अजून अंथरली नसेल.

अंथरली होती. बाईंनी दार उघडलं आणि मला काही विचारायच्या आत हसून आत बोलावलं, बघा म्हणाल्या, कसा बसलाय. गोधडी मऊ, धुवून धुवून विटलेली, हातानं घातलेले हजार टाके. ससा तिच्यावर बसला होता आणि तिचा एक कोपरा त्याच्या पुढच्या पायांत होता. कोपऱ्याची कड ओली होती. तीन-चार टाक्यांची जागा मोकळी झाली होती.

मी उभ्यानं सगळं सांगितलं. गादी मी शिवली, ती त्यानं खाल्ली, दोन दिवस मरणाच्या दारात होता, लेंड्या दोऱ्यात ओवून आल्या, डॉक्टरांनी सांगितलं ते मी कागदावर लिहिलं होतं आणि फाडलं. मी थांबले नाही, थांबले असते तर पुढचं बोलले नसते. बाईंनी आधी गोधडी काढली. घाई न करता, त्याच्या पायांतून सोडवून, घडी करून घरात नेऊन ठेवली. मग येऊन समोर उभ्या राहिल्या.

"सकाळी का बोलला न्हाय?"

"तुमी घेतला नसता," मी म्हटलं. "माझ्याकडं जगला नसता, आणि तुमी घेतला नसता."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. अंगणवाडीत लहान पोरांकडे बघत असतील तशा नव्हे, मोठ्या माणसाकडे बघतात तशा.

"मी घेतला असता," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी मला बसायला पाट दिला आणि म्हणाल्या, लेंड्या पडेपर्यंत जाऊ नका. आम्ही अंगणात दोन बाजूंना बसलो. त्यांनी पाणी आणून दिलं, चहा विचारला नाही. मी मनात म्हणत होते, माझं काहीही होऊ दे, हिनं मला हाकलून देऊ दे, गावभर सांगू दे, पण त्याचं पोट चालू राहू दे. ससा पेटीच्या फळीवर बसून होता. त्यानं एक पान घासाचं ओढलं, सोडलं, पुन्हा ओढलं. सावली अंगणभर पसरली तेव्हा त्यानं सात लेंड्या टाकल्या. बाई उठल्या, चष्मा लावला, काडीनं एकेक वेगळी केली. सुट्या होत्या, गोल, मोठ्या.

"आता जावा," त्या म्हणाल्या. "शेवटची गाडी चुकंल."

मी दारापर्यंत आले. त्या मागं आल्या नाहीत. सशाकडे वळून बघावं असं फार वाटलं, पण त्यांच्यासमोर बघायचा धीर झाला नाही.

घरी येऊन नवऱ्याला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, गादी पोत्यात होती ते मला त्याच दिवशी कळलं होतं. पोतं मीच भरतो, त्यानं म्हटलं. मग तो कापायला बसला. मी पुढे दहा दिवस गणवेश शिवले, दुकानदाराच्या शिव्या खाल्ल्या, आणि फोनकडे बघत राहिले.

बाईंकडून पहिला फोटो अकराव्या दिवशी आला. अंगणातली फरशी, तिच्यावर काडीनं पसरलेल्या लेंड्या, सुट्या, गोल, मोठ्या. खाली एक अक्षर नाही. मी तो इतका वेळ बघितला की मशीन बंद पडलंय की काय असं नवऱ्यानं विचारलं. तेव्हापासून दर सोमवारी सकाळी एक फोटो येतो. फक्त लेंड्यांचा. ससा कसा दिसतो, वाढला का, केस भरले का, मला माहीत नाही, आणि मी विचारत नाही. तो बघायचा हक्क माझा नाही असं त्यांनी ठरवलं असावं, आणि माझंही मत वेगळं नाही. मी फोटो मोठा करते, एकेक लेंडी बघते, कुठं काही ओवलेलं नाही ना, आणि मग मशीनवर बसते.